घरातली जुनी नाणी चोरापासून कशी जपावीत: नव्या संग्राहकांसाठी

मराठवाड्यात नाणी जमवायला फार लांब जावं लागत नाही. आजीच्या पेटीत राणीछाप रुपये निघतात, कुणाच्या देव्हाऱ्यात निजामाच्या राज्यातला, चारमिनारच्या छापाचा हाली रुपया पूजेला असतो, एखाद्या जुन्या सराफाकडे शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) आणि भोकाचे पैसे मिळून जातात. बघता बघता डबा भरतो, मग अल्बम येतो. आणि घरातलं सोनं बँकेत, अल्बम मात्र टीव्हीखालच्या कप्प्यात, अशी बहुतेक घरांतली स्थिती असते.

नव्या संग्राहकाला काळजी वाटू लागली की तो पहिल्यांदा तिजोरीची किंमत विचारतो. माझ्या मते तिजोरीचा नंबर शेवटी लागतो. आधी नोंद, मग तोंडावर ताबा, मग नाण्यांची वाटणी, आणि त्यानंतर कुलूप. हा क्रम का, ते चोर कोण असतो हे पाहिलं की कळतं.

घरफोडी करणाऱ्याला नाण्यांतलं काही कळत नाही, त्याला चांदी कळते. १९३९ पर्यंतचा ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचाच. चोराच्या लेखी यातले सगळे पांढरे तुकडे सारखे. ते मुशीत गेले की दुर्मीळ साल काय आणि साधं काय, सगळ्यांची एकच लगड. तांब्याची, शिशाची नाणी तो वाटेत फेकून देतो किंवा भंगारात घालतो. सातवाहनांचं शिशाचं नाणं तुमच्या दृष्टीने कितीही मोलाचं असो, त्याला ते ओझं वाटतं.

दुसरा चोर ओळखीतला असतो आणि तो जास्त घातक. त्याला नेमकं काय आहे आणि कुठे आहे हे ठाऊक असतं. तो कडीकोयंडा तोडत नाही. चहाला येतो, अल्बम हातात घेतो आणि पाकिटातलं एक नाणं बदलून जातो. तुमच्या ध्यानात येतं तेव्हा सहा महिने उलटलेले असतात. तिसरा फोनवर भेटतो, त्याच्याबद्दल पुढे.

पहिलं काम: एकेका नाण्याची नोंद

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे. सोन्याच्या हाराचं पक्कं बिल असतं, गाडीला चेसिस नंबर असतो. नाण्याला असं काहीच नसतं. एका टाकसाळीतून लाखो सारखी नाणी निघालेली असतात. त्यातलं हे माझंच, हे पोलिसांना आणि कोर्टाला पटवायचं असेल तर त्या एका नाण्याच्या खुणा तुमच्याकडे लिहिलेल्या हव्यात.

एक साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाइलवरही चालेल, पण वही हवीच. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या आणि तो क्रमांक नाण्याच्या कागदी पाकिटावर लिहा. नाण्यावर नाही. नाण्यावर सुईने आद्याक्षर कोरणारे लोक आहेत. त्यांनी चोरीआधीच नाण्याची किंमत घालवलेली असते. स्टिकरही चिकटवू नका, गोंदाचा डाग धातूवर राहतो.

प्रत्येक क्रमांकापुढे धातू, वजन, व्यास, साल, टाकसाळ, कुणाकडून आणि केव्हा घेतलं, किती रुपयांना, एवढं लिहा. वजन दोन दशांशांपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करा. किराणा दुकानातला काटा इथे कामाचा नाही. व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजा.

फारसी अक्षरांची नाणी आली की नवे लोक नोंदीत ‘उर्दू नाणं, जुनं’ एवढंच लिहून मोकळे होतात. चोरीनंतर या नोंदीचा काडीचा उपयोग होत नाही. निजामाच्या चारमिनारच्या रुपयाचंच बघा. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असतं: मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान. साल हिजरी असतं आणि शिवाय राज्यारोहणापासूनचं वर्षही दिलेलं असतं. दोन्ही आकडे उतरवून घ्या. वाचता येत नसेल तर फारसी किंवा उर्दू जाणणाऱ्याला नाण्याचा फोटो दाखवा. अल्बम घेऊन जायचं कारण नाही. औरंगाबाद टाकसाळीच्या काही मुघल रुपयांवर शहराचं नाव ‘खुजिस्ता बुनियाद’ असं येतं. हे माहीत नसलेला माणूस आपल्याच शहराचं नाणं अनोळखी म्हणून नोंदवून टाकतो.

आता खुणा. हाताने ठोकलेल्या जुन्या चांदीच्या रुपयांवर सराफांनी पारख करताना मारलेले बारीक ठसे असतात: चांदणी, फूल, आडवी चीर. संग्राहक त्यावर नाक मुरडतात, कारण किंमत उतरते. पण ओळख पटवायला याहून चांगली खूण नाही, कारण त्याच जागी त्याच कोनात तोच ठसा दुसऱ्या रुपयावर असणं जवळपास अशक्य. नाण्याची मूळ छाप मध्यापासून सरकलेली असेल, कडेला भेग असेल, हार करताना लावलेल्या कडीचा डाग असेल, तर तेही लिहा. यंत्रावर पाडलेल्या राणीछाप रुपयांवर खुणा कमी असतात, तिथे ओरखडे आणि डागच शोधावे लागतात.

फोटो दोन्ही बाजूंचे आणि कडेचेही काढा. सकाळी खिडकीशेजारी, नाण्यावर उजेड तिरका पडेल असा. फ्लॅश लावला की चांदी नुसती चमकते आणि अक्षरं गायब होतात. शेजारी मोजपट्टी ठेवा. फोटो मोबाइलमध्येच राहिले तर मोबाइल चोरीला गेल्यावर तेही गेले. एक प्रत पेनड्राइव्हवर काढून बहिणीकडे किंवा मामाकडे ठेवा, एक ऑनलाइन ठेवा. वहीची झेरॉक्सही घराबाहेर असू द्या. अल्बम ज्या कपाटात त्याच कपाटात वही ठेवली, तर चोराला यादीसकट माल मिळतो.

पावत्या जपा. हा मुद्दा आपल्या भागात विशेष महत्त्वाचा, कारण शेत नांगरताना, जुना वाडा पाडताना इथे नाणी सापडतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात आणि ती परदेशी पाठवता येत नाहीत. चोरीची तक्रार द्यायला गेलात की पहिला प्रश्न येतो, ‘एवढी जुनी नाणी तुमच्याकडे आली कुठून?’ तिथे पावती पुढे करता आली तर तक्रार सरळ चालते. वडिलोपार्जित नाण्यांना पावती नसते. अशा वेळी घरातल्या दोन ज्येष्ठांच्या सह्यांचा कागद करून ठेवा आणि जुना फोटो असेल तर तोही जोडा.

दुसरं: कुणाकुणाला माहीत आहे?

एका कागदावर नावं लिहून पाहा. यादी तुम्हाला वाटते त्यापेक्षा लांब निघते. लक्ष्मीपूजनाच्या ताटात राणीछाप रुपये मांडले जातात आणि संध्याकाळी त्याचा फोटो स्टेटसला जातो. भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढच्या आराशीत चांदीच्या नाण्यांची रास लागते, आणि हळदीकुंकवाला अर्धी गल्ली येऊन जाते. पूजेत नाणी ठेवू नका असं मी म्हणणार नाही, ते कुणी ऐकणारही नाही. पूजेपुरते दोन-चार साधे, घासलेले रुपये वेगळे काढून ठेवा. संग्रहातली चांगली नाणी तिथे आणू नका. हळदी-कुंकवाचे डाग नाण्याला लागतात, ते वेगळंच.

गावाकडे आणखी एक भानगड आहे. जुनी नाणी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात गुप्तधन येतं. तुम्ही म्हणता चार शिवराया, तिसऱ्या पारावर पोचेपर्यंत त्याचा हंडा होतो. मग रात्री परसात कुदळी चालतात आणि कुणी भोंदू बाबा लिंबू घेऊन दारात उभा राहतो. म्हणून पारावर, कटिंगच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत या छंदाची वाच्यता नको. छंदाबद्दल बोलायचं तर त्याच छंदातल्या लोकांशी, आणि त्यांनाही कपाट दाखवायची गरज नाही.

घरी नाणी दाखवायचीच असतील तर पाहुण्याला बैठकीत बसवा आणि मोजकी नाणी ताटात मऊ कापडावर आणा. आणताना मोजा, नेताना मोजा. पाहुणा कितीही जवळचा असो, खरा संग्राहक मोजण्याचं वाईट वाटून घेत नाही. त्याच्या घरी तोही मोजत असतो. रंगारी, प्लंबर, फर्निचरवाले घरात असतील तेवढे दिवस अल्बम घराबाहेर हलवा.

सोशल मीडियावरचे नाण्यांचे गट उपयोगी असतात, ओळख पटवायला तर फारच. पण फोटोत घराची खिडकी, दारावरची पाटी, कपाट येऊ देऊ नका. प्रोफाइलवर गाव आणि मोबाइल नंबर दोन्ही उघडे ठेवू नका. ‘तुळजापूरला सहकुटुंब’ हा फोटो परत आल्यावर टाकला तरी देवी पावते.

तिसरा चोर इथेच भेटतो. ‘तुमच्याकडचं पाच रुपयांचं नाणं लाखाला घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा.’ रिझर्व्ह बँकेच्या नावाने हे इतकं चाललं की २०२१ मध्ये बँकेला जाहीर खुलासा करावा लागला: जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. पैसे जातात ते जातातच, शिवाय तुमच्या घरात काय आहे आणि पत्ता काय, हे एका ठगाच्या वहीत लिहिलं जातं.

तिसरं: वाटणी

सगळा संग्रह एका जागी नको. चांदी-सोन्याची आणि सर्वांत दुर्मीळ नाणी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. तांबं, निकेल, आणे-पैसे आणि ज्यांच्यावर तुमचा अभ्यास चालू आहे ती नाणी घरी ठेवा. म्हणजे घरफोडी झालीच तर मुशीत जाण्यासारखं घरात फारसं नसतं.

लॉकरबद्दल एक गैरसमज आहे की बँक सगळं भरून देते. तसं नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट एवढीच. भाडं २,००० असेल तर २,००,००० रुपयांपर्यंत. भूकंप, पूर अशा नैसर्गिक आपत्तीत ही जबाबदारी नाही. आत काय ठेवलं याची नोंद बँक ठेवत नाही, म्हणून ती तुमच्या वहीत हवी. नॉमिनी लावा. किल्लीला बँकेच्या नावाची चिठ्ठी बांधून ती खुंटीला टांगू नका.

लॉकर असो की तिजोरी, नाणी नरम, चिकट वासाच्या पीव्हीसी पाकिटांत ठेवू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लोखंडी कपाटाचं आतून तंदूर होतं, आणि ही पाकिटं नाण्यावर हिरवा चिकट थर सोडतात. रबरबँडने चांदी काळी पडते. मायलर या पारदर्शक प्लास्टिकची पाकिटं वापरा आणि सोबत सिलिका जेलची पुडी टाका.

चौथं: आता कुलूप

घरफोडीच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं, ‘बंद घराचा कडीकोयंडा तोडून’. दार तोडलं जात नाही, कुलूपही क्वचितच. तुटतो तो कोयंडा, कारण तो अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर टांगलेला असतो. चारशे रुपयांचं कुलूप आणि तीस रुपयांचा कोयंडा, असा हिशोब घरोघर दिसतो. सुताराला बोलवा, कोयंडा आरपार बोल्टने बसवून नट आतल्या बाजूने आवळून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे दारातच बसणारं इंटरलॉक, ज्यात बाहेरून कुलूप लोंबत नाही आणि घर बंद आहे हे रस्त्यावरून कळत नाही.

काळ्या मातीवरच्या घरांत आणखी एक पाहावं लागतं. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, चौकट थोडी थोडी हलते आणि कडी भोकात अर्धीच बसते. वर्षातून दोनदा, आषाढात आणि वैशाखात, सगळ्या कड्या लावून पाहा.

उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर किंवा माळवदावर झोपायला जातं आणि खालचं दार नुसतं लोटलेलं असतं. चोरांना हे पाठ असतं. खाली कुलूप लावा, किल्ली उशाखाली घ्या, बाहेरून जिना असेल तर त्याला लोखंडी दार करा. चोर बऱ्याचदा आधी शेजाऱ्यांच्या कड्या बाहेरून लावून घेतात, म्हणून शेजाऱ्याबरोबरच पलीकडच्या गल्लीतल्या माणसाचाही नंबर जवळ हवा. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा (एका फोनवर सगळ्या गावाला इशारा देणारी सोय) चालू असेल तर तिच्यात नाव नोंदवा.

लपवण्याच्या जागांबद्दल सांगायचं तर देव्हारा, गादी, गव्हाची कोठी, डाळीचे डबे, कपाटातलं लॉकर या जागा चोर पहिल्या दहा मिनिटांत पाहून होतो. डबे तर सरळ पालथे घालतो. कपाटाची किल्ली कपाटावरच ठेवायची सवय मोडा.

तिजोरी घ्यायची असेल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा. न बसवलेली छोटी डिजिटल तिजोरी म्हणजे चोरासाठी तयार पेटी. तो ती उघडत बसत नाही, उचलून नेतो. तिला मागून आणि खालून भोकं असतात, त्यांतून अँकर बोल्टने ती स्लॅबला किंवा काँक्रीटच्या खांबाला जखडा. पांढऱ्या मातीच्या किंवा दगड-मातीच्या भिंतीत अँकर धरत नाही. जुन्या वाड्यात फरशीखाली काँक्रीट ओतून त्यात ती पक्की बसवावी लागते. कारखान्यातून आलेला सुरुवातीचा कोड त्याच दिवशी बदला.

कॅमेरा लावा, पण त्याचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, टीव्हीशेजारी नको, जाताना चोर तोच काढून नेतो. रेकॉर्डिंग ऑनलाइन जाईल असं बघा आणि कॅमेरा इन्व्हर्टरवर घ्या. आपल्याकडची वीज काय आहे ते मी सांगायला नको.

विमा, थोडक्यात

‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीने चोरीची भरपाई मिळते असं अनेकांना वाटतं. ती मुळात आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे, आणि त्यात चोरी धरतात ती अशा संकटामुळे, सात दिवसांच्या आत झालेली. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. त्यातही नाणी आपोआप येतात असं समजू नका, त्यांची यादी मूल्यांकनासह द्या आणि पॉलिसीत नाण्यांचा उल्लेख लेखी आहे ना, ते वाचून घ्या.

प्रदर्शन आणि प्रवास

शिवजयंतीला किंवा १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी शाळा-कॉलेजं नाणी मांडायला बोलावतात. जरूर जा, मुलं मन लावून बघतात. काचेची पेटी कुलपाची हवी, टेबलाशी दोन माणसं हवीत, म्हणजे एक जेवायला गेला तरी दुसरा असतो. अतिदुर्मीळ नाण्याचा मोठा रंगीत फोटो लावा, खरं नाणं घरीच राहू द्या. परतताना हॉटेलवर जेवायला थांबून पेटी गाडीत ठेवू नका, काच फुटायला मिनिट लागत नाही. एसटीत बॅग मांडीवर, वरच्या रॅकवर नाही.

चोरी झालीच तर

घरात शिरू नका, कपाट आवरू नका. ११२ ला फोन करा. ठसेतज्ज्ञ येईपर्यंत कशालाच हात लावू नका. रिकामे अल्बम, पाकिटं यांना तर मुळीच नाही, कारण चोराचा हात नक्की लागलेला असतो तो तिथेच.

फिर्यादीत ‘अंदाजे चाळीस जुनी नाणी’ असं लिहू देऊ नका. वहीतली यादी आणि फोटोंच्या प्रती फिर्यादीला जोडायला सांगा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

पहिला दिवस सगळ्यात मोलाचा, कारण चांदी लवकर वितळते. फोटोंच्या प्रिंट घेऊन सराफ्यात जा, सराफ संघटनेच्या ग्रुपवर फोटो टाकायला सांगा, शेजारच्या तालुक्यालाही कळवा. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, हे सराफांना ठाऊक असतं. फोटो समोर असला की ‘आम्हाला काय माहीत’ म्हणता येत नाही. भंगारवाले आणि नाण्यांचे व्यापारी यांनाही तीच प्रिंट द्या.

आणि गावाबाहेरची शेतं, नाले, पडक्या विहिरी पाहा. चोर पेट्या उचलून शिवारात नेतात, तिथे बसून निवडतात आणि नको ते टाकून जातात. तुमची तांब्या-शिशाची नाणी तिथेच उसात किंवा बांधावर पडलेली असण्याची शक्यता बरीच असते. सापडली तर लगेच उचलू नका, पोलिसांना बोलावून पंचनामा होऊ द्या.

मुद्देमाल मिळाला तरी तो कोर्टाच्या ताब्यात असतो. तो परत मिळावा म्हणून अर्ज करावा लागतो आणि सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, ताबा मिळतो. ठाण्यात जमा होताना नाण्यांना कुणी पितांबरीने घासू नये, एवढं हात जोडून सांगा. ताब्यात घेताना प्रत्येक नाणं वहीतल्या वजनाशी आणि खुणांशी ताडून बघा, आणि एखादं जुळत नसेल तर सही करण्याआधी तसं लेखी नोंदवा.